आधी मलावीतल्या मेट्रनशी बोला

(एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश, ओळख पटू नये अशा बेताने दिलेला: वय एकतीस. मूळ गाव अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका. पणजीची आई १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झाली आणि मिशनच्या बोर्डिंगात वाढली, त्यामुळे "आमचे घराणे मिशनच्या अन्नावर उभे राहिले, ते ऋण फेडायचे आहे" ही लहानपणापासूनची भावना. एका ख्रिस्ती संस्थेने दक्षिण मलावीतल्या मिशन रुग्णालयात दोन वर्षे काम करण्याचे निमंत्रण दिले आहे. खर्च स्वतः देणग्या मिळवून भागवायचा, दिवसा कुपोषित बालकांच्या कक्षात काम करायचे, संध्याकाळी वॉर्डांत साक्ष द्यायची (म्हणजे रुग्णांशी येशूवरच्या आपल्या श्रद्धेविषयी बोलायचे) आणि शनिवारी संस्थेच्या अनाथालयात जायचे, असे कामाचे स्वरूप आहे. पाळक म्हणतात, हे पाचारण आहे. निवृत्त शिक्षक असलेले वडील म्हणतात, "गरिबीच पाहायची असेल तर नंदुरबारला जा, आफ्रिका कशाला?" आईला लग्नाची काळजी आहे. महिनाअखेर होकार कळवायचा आहे. प्रश्न एका ओळीचा आहे: देवाची हाक मानून निघावे, की घरच्यांचे ऐकून थांबावे?)

प्रिय भगिनी,

पाचारण खरे की भास, याचा निवाडा मी करणार नाही. मी ख्रिस्ती नाही, आणि असते तरी दुसऱ्याच्या अंतःकरणातली हाक तपासण्याचा अधिकार मला पोहोचला नसता. मात्र तुमच्या पत्रात त्या हाकेसोबत काही समजुतीही आल्या आहेत आणि त्यांची तपासणी करायला धर्माची अडचण येत नाही. तुम्ही प्रश्न देव आणि घरचे यांच्यामध्ये मांडला आहे. माझ्या मते त्या मांडणीत एक पक्ष पूर्ण सुटला आहे, तो म्हणजे ज्यांच्याकडे तुम्ही जाणार आहात ती माणसे. चार पानी पत्रात पाळक आहेत, पप्पा आहेत, आई आहे, संस्थेचे समन्वयक आहेत, पण मलावीतल्या त्या रुग्णालयातल्या एकाही माणसाचे म्हणणे नाही.

आधी ऋणाविषयी. दुष्काळात पोरकी झालेली मुलगी बोर्डिंगात जगली, शिकली आणि तिच्या पाचव्या पिढीतली मुलगी अतिदक्षता विभागात रुग्ण सांभाळते, ही अभिमानाने सांगावी अशीच गोष्ट आहे. परंतु ऋण फेडायला निघालेल्या माणसाला फेडीची घाई असते, आणि समोरचा माणूस त्या फेडीचे निमित्त होऊन बसतो. मलावीतल्या आजारी बाळाच्या आईचे तुमच्या घराण्याकडे काहीही येणे नाही. तिला हवी आहे ती नीट शिकलेली, वेळेवर येणारी, तिची भाषा थोडीतरी समजणारी आणि सहा महिन्यांत निघून न जाणारी परिचारिका. कृतज्ञता हे घरातून निघण्याचे कारण असू शकते, पण तिथे काय करायचे हे ती ठरवू शकत नाही.

दुसरी समजूत अशी दिसते की तिथे कोणी नाही, म्हणून तुम्ही जायला हवे. मलावीचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. स्कॉटिश मिशनरींनी तिथे १८७५-७६ मध्ये लिव्हिंग्स्टोनिया आणि ब्लँटायर या नावांची ठाणी उभारली, म्हणजे हा पसारा आपल्या मिरजेच्या वानलेस रुग्णालयाहून जुना आहे. देश १९६४ मध्ये स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांनी प्रोटेस्टंट व कॅथलिक रुग्णालयांनी एकत्र येऊन ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन ऑफ मलावी स्थापन केली. आज त्या देशातल्या आरोग्यसेवेचा मोठा हिस्सा, विशेषतः खेड्यापाड्यांतला, या संघटनेच्या दवाखान्यांतून मिळतो. तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार बहुतांशी सरकार देते, आणि अनेक ठिकाणी माता व बालकांवरचे उपचार रुग्णाला विनामूल्य मिळून त्याची भरपाई सरकारने रुग्णालयाला करायची, असा करार आहे. ही भरपाई वारंवार रखडते. परिचारिका घडवणारी कितीतरी महाविद्यालयेही याच संघटनेची आहेत.

आता यातली अडचणीची बाब पाहा. मलावीत परिचारिकांची टंचाई आहे हे खरे, आणि शिकून तयार झालेल्या परिचारिका नोकरीविना बसल्या आहेत हेही खरे. वॉर्डात एका परिचारिकेच्या वाट्याला हाताबाहेर रुग्ण येतात, आणि त्याच जिल्ह्यात नोंदणी झालेली एखादी तरुणी नेमणुकीची वाट पाहत घरी असते, कारण सरकारकडे पगाराला पैसा नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा एचआयव्हीच्या कार्यक्रमांतले अनेक जण कामावरून कमी झाले आणि ओढाताण आणखी वाढली. तुमचे विमानभाडे, परवाने, विमा आणि दोन वर्षांचा राहण्याखाण्याचा खर्च मिळून जी रक्कम होईल, तेवढ्यात तिथल्याच एका परिचारिकेचा पगार किती काळ भागेल? हा प्रश्न संस्थेला विचारा. तो उद्धट नाही. उत्तर "बराच काळ" असे आले, तरी तुम्ही जाऊच नये असे ठरत नाही, पण जायचे तर तिथल्या कोणाला येत नसलेली गोष्ट घेऊन जावे लागेल, एवढे ठरते.

तुमच्याकडे अशी गोष्ट आहे का? मला वाटते आहे, पण संस्थेने तुम्हाला नेमून दिलेल्या कामात ती दिसत नाही. कुपोषित बालकांच्या कक्षातले रोजचे काम, म्हणजे दंडाला पट्टी लावून घेर मोजणे, साडेअकरा सेंटिमीटरखाली भरला की तीव्र कुपोषण म्हणून नोंद करणे, भूक आहे का आणि पायावर सूज आहे का ते पाहणे, हे तिथल्या परिचारिका आणि आरोग्यसेविका वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. तीव्र कुपोषित मुलांना रुग्णालयात अडकवून न ठेवता शेंगदाण्याच्या कुटाचे पौष्टिक मिश्रण देऊन घरी बरे करण्याची पद्धत ज्या देशांत घडली, त्यांत मलावी ठळकपणे येतो. तिथे त्या मिश्रणाला चिपोंडे म्हणतात. या विषयात तुम्ही शिकणाऱ्या आणि त्या शिकवणाऱ्या, असेच नाते राहील. नोव्हेंबरात पाऊस सुरू होतो, जुना मका जानेवारीपर्यंत संपतो आणि नवे पीक एप्रिलमध्ये हाती येते, त्यामुळे मधले महिने उपासमारीचे आणि नेमके हिवतापाचेही असतात. त्या दिवसांत कक्ष भरलेला असतो. रुग्णालयाच्या आवारात नातलग चुलीवर मक्याची न्सिमा शिजवतात, तिथेच झोपतात आणि रुग्णाची शुश्रूषाही बरीचशी तेच करतात. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात डबा आणि घोंगडी घेऊन बसलेले नातेवाईक तुम्ही पाहिले असतील, तर हे दृश्य परके वाटणार नाही.

याउलट अतिदक्षतेतला तुमचा अनुभव तिथे खऱ्या उपयोगाचा ठरू शकतो, मात्र व्हेंटिलेटरशिवाय. ऑक्सिजन कोणाला आधी द्यायचा, बिघडत चाललेला रुग्ण लवकर कसा ओळखायचा, जंतुसंसर्ग कसा रोखायचा, नवजात बाळाचा श्वास कसा राखायचा, हे तुम्ही रोज करता. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये नवजात बालकांच्या श्वासाला आधार देणारे, कमी खर्चाचे बबल सीपॅप उपकरण वापरून पाहिले गेले आणि पुढे ते देशातल्या इतर रुग्णालयांत गेले. अशा उपकरणाजवळ उभे राहून कनिष्ठ परिचारिकांना शिकवणारी, किंवा नर्सिंग महाविद्यालयात प्रात्यक्षिके घेणारी अनुभवी परिचारिका ही वेगळी गरज आहे, आणि अशा कामात तुम्ही कोणाची जागा अडवत नाही. म्हणून संस्थेच्या समन्वयकांना बाजूला ठेवून थेट रुग्णालयाच्या मेट्रनला, म्हणजे मुख्य परिचारिकेला, पत्र लिहा. तुम्हाला काय येते ते स्पष्ट लिहा, आणि "मी आले नाही तर माझ्या कामाचे काय होईल, आणि मी परत गेल्यावर ते कोण करील?" असे विचारा. "तुमची मागणी होती म्हणून संस्थेने मला निवडले, की संस्थेने सुचवले म्हणून तुम्ही हो म्हणालात?" हेही विचारा. देणगी देणाऱ्या संस्थेला नाही म्हणणे गरीब रुग्णालयाला जड जाते, तेव्हा उत्तरातला संकोचही वाचा.

आता साक्षीविषयी, कारण मला सर्वांत जास्त खटकले ते हेच. २०१८ च्या जनगणनेनुसार मलावीतले तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. मिशन रुग्णालयांचा दिवस बहुधा कर्मचाऱ्यांच्या प्रार्थनेनेच सुरू होतो. त्यामुळे सुवार्ता ऐकलेली नाही अशी माणसे त्या वॉर्डांत फारशी भेटणार नाहीत. जे ख्रिस्ती नाहीत त्यांत बहुसंख्य मुसलमान आहेत, त्यातही मलावी सरोवराच्या दक्षिणेकडचे याओ लोक अधिक. कल्पना करा की अशीच एक याओ स्त्री सलाइन लावलेल्या मुलाशेजारी बसली आहे आणि सकाळी त्याला औषध देणारी परिचारिका संध्याकाळी तिच्याशी येशूविषयी बोलायला आली आहे. ती ऐकून घेईल, मानही डोलावील. ते तिने मनापासून ऐकले की मुलाच्या औषधाच्या भीतीने, हे तुम्हाला कधीही कळणार नाही, आणि मला वाटते की श्रद्धावान माणसाला ही अनिश्चितता सर्वांत आधी टोचायला हवी.

हा आक्षेप मिशनच्या विरोधकांचाच आहे असे समजू नका. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस चळवळ आणि मदत संस्था यांची आचारसंहिता १९९४ मध्ये झाली, आणि मदतीचा वापर कोणत्याही राजकीय किंवा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी करायचा नाही, हे तिच्यात स्पष्ट आहे. ती मांडणाऱ्यांत कॅरितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस यांसारख्या ख्रिस्ती संघटनाही होत्या. आपल्याकडचा अनुभव तर त्याहून जुना आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढले ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन देऊन. पुढे मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठले, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपण सक्ती केली नाही, दारही बंद केले नाही, हे रमाबाईंचे म्हणणे मला प्रामाणिक वाटते. तरी वादाची किंमत मोजली ती शाळा सुटलेल्या मुलींनी. त्याच रमाबाईंनी पुढे मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली आणून केडगावला जगवल्या हेही विसरता येत नाही, आणि तुमच्या घराण्याच्या इतिहासात असेच काहीसे घडलेले असल्याने तुम्हाला दोन्ही बाजू माझ्याहून अधिक जवळून ठाऊक असतील. दुष्काळात धर्म बदललेल्यांना "पोटासाठी बाटले" हा टोमणा किती पिढ्या ऐकावा लागतो, हेही तुम्हीच सांगू शकाल.

म्हणून माझी सूचना अशी आहे की वॉर्डात साक्ष देण्याचे कलम करारातून काढून टाकण्याची विनंती करा. रविवारी मंडळीत गा, प्रार्थनेला बसा, कोणी आपणहून विचारले तर मोकळेपणाने बोला. परंतु ज्याचा हात सलाइनने बांधलेला आहे त्याच्यासमोर नको. तुमच्या शास्त्रातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमीला उतारशाळेत नेले, उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले, अधिक खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. पुढची शुश्रूषा तिथल्याच माणसाने केली. संस्था हे कलम काढायला तयार नसेल, तर माझ्या मते हे निमंत्रण नाकारावे आणि दुसरे शोधावे.

अनाथालयाच्या शनिवारांबद्दल थोडक्यात लिहिते. जगभर अनाथालयांतल्या बहुसंख्य मुलांचे आईवडिलांपैकी कोणीतरी हयात असते, आणि मूल तिथे येते ते गरिबीमुळे. हैतीच्या भूकंपानंतर जानेवारी २०१० च्या अखेरीस अमेरिकेतल्या दहा बाप्तिस्त स्वयंसेवकांना तेहतीस मुले सीमेपार नेताना अटक झाली होती, आणि त्यांतल्या बहुतेक मुलांचे पालक जिवंत असल्याचे नंतर उघड झाले. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. मुद्दा असा की चांगल्या हेतूने मुलाला त्याच्या माणसांपासून तोडता येते. दर शनिवारी नवा पाहुणा येऊन लळा लावतो आणि जातो, हेही त्या मुलांच्या हिताचे नाही. शनिवारी विश्रांती घ्या किंवा तिथली चिचेवा भाषा शिका. मुलांचे आणि रुग्णांचे फोटो देणगीदारांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. पुण्यातल्या तुमच्या रुग्णालयात असे केले असते तर नोकरी गेली असती, आणि तोच नियम तिथेही धरा.

पप्पांचा नंदुरबारचा मुद्दा हलका नाही. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय आहे, ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनचे. परदेशी मिशनरी देशातून जाऊ लागले तेव्हा त्यांची रुग्णालये बंद पडू नयेत म्हणून १९७० च्या सुमारास ही संघटना उभी राहिली. जामखेड तुमच्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले, लगोलग मोठा दुष्काळ पडला आणि लोकांना औषधाआधी अन्नपाणी हवे आहे हे दिसल्यावर त्यांनी तिथूनच सुरुवात केली. पुढे गावातल्या, बहुतांशी निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. तेही श्रद्धावान ख्रिस्ती होते. परक्या मुलखात पाऊल टाकण्याआधी सहा महिने अशा ठिकाणी काम करून पाहावे, ही माझी आग्रहाची शिफारस आहे. तुटपुंज्या साधनांत काम करणे आपल्याला झेपते की नाही, हे मराठी किंवा भिली बोलणाऱ्या रुग्णांमध्ये कळले तर चूक दुरुस्त करणे सोपे जाते.

तरीही पप्पांच्या युक्तिवादाला मी पूर्ण गुण देणार नाही. तुम्हाला लंडनच्या रुग्णालयात नोकरी लागली असती, तर "नंदुरबारला जा" असे ते म्हणाले असते का? परदेशी पगार असला की आपल्याकडची गरिबी कोणाला आठवत नाही. मला वाटते त्यांच्या विरोधाखाली भीती आहे, आणि भीतीला वादविवादाने उत्तर मिळत नाही, कागदाने मिळते. विमा कोणाचा आणि किती, गंभीर आजारात किंवा दंगलीत बाहेर काढण्याची जबाबदारी कोणाची, हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या आणि चुकून सुई टोचली तर बहात्तर तासांच्या आत घ्यायची एचआयव्हीची औषधे जागेवर मिळतात का, मलावीच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि कामाचा परवाना कोण काढून देणार, मधेच परतावे लागले तर भाडे कोणाकडे, हे सर्व लेखी मागा आणि तो कागद पप्पांच्या हाती द्या. नोंदणीशिवाय रुग्णाला हात लावायला कोणी सांगितले, तर त्या संस्थेशी पुढे बोलूच नका.

यातली एक गोष्ट पप्पांना दाखवण्यापुरती नाही. २०१४ मध्ये लायबेरियातल्या मिशन रुग्णालयात काम करणाऱ्या दोन अमेरिकनांना इबोला झाला, तेव्हा त्यांना खास विमानाने अटलांटाला नेले आणि ते वाचले. पश्चिम आफ्रिकेतल्या त्या साथीत तिथल्याच पाचशेहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. मलावीतही २०२२-२३ मध्ये पटकीने सतराशेहून अधिक बळी घेतले, आणि ती साथ चालू असतानाच मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत सहाशेहून अधिक माणसे मारली आणि साडेसहा लाखांच्या आसपास लोकांना बेघर केले. असे पुन्हा घडले तर तुम्हाला परत आणणारे विमान येईल, शेजारी काम करणाऱ्या सहकाऱ्यासाठी येणार नाही. म्हणून बाहेर पडण्याची व्यवस्था मागाच, पण साथ आली की कोणत्या टप्प्यापर्यंत थांबायचे हे तिथल्या सहकाऱ्यांशी आधी बोलून ठेवा.

लग्नाविषयी आईला एवढेच सांगा की दोन वर्षांनी तुम्ही तेहतीस वर्षांच्या असाल, आणि मलावीला गेला नाहीत तरीही तेहतीस वर्षांच्याच असाल.

महिनाअखेरची मुदत मोडून काढा. एकतीस वर्षे वाट पाहिलेल्या कामाला आणखी सहा-आठ आठवडे जड नसतात, आणि घाई करणाऱ्या संस्थेला रिकामी जागा भरायची असते असा माझा अनुभव आहे. सध्याच्या रुग्णालयाकडे राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजेची चौकशी करा आणि पाच वर्षांची सलग नोकरी पुरी होत आली असेल तर ग्रॅच्युइटीचा हिशेब पाहा. मेट्रनचे उत्तर आले, त्यात तुमच्या कौशल्याची नेमकी मागणी असली, साक्षीचे कलम निघाले आणि कागद पुरे झाले, तर माझ्या मते तुम्ही जावे, आणि शक्य असेल तर दोन नव्हे, तीन वर्षांसाठी जावे, कारण पहिले वर्ष भाषेतच जाते. उत्तर आलेच नाही, किंवा "या, काहीतरी काम निघेलच" असे आले, तर चिंचपाड्याला आणि जामखेडला पत्र टाका, आणि ज्या देणगीदारांनी तुमच्या प्रवासासाठी पैसे देऊ केले आहेत त्यांना विचारा की तीच रक्कम मलावीतल्या एखाद्या परिचारिकेच्या पगारासाठी त्या रुग्णालयाकडे पाठवायला ते राजी आहेत का.